दोन डोळे, दोन नंबर

मनुष्याचे दोन डोळे ही निसर्गाने घडविलेली एकसारखी जोडी आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बाहेरून पाहताना ती खरीही वाटते. परंतु नेत्रतज्ज्ञाकडून चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी हाती आली, की अनेकांना प्रथमच कळते की आपल्या दोन डोळ्यांचे नंबर सारखे नाहीत. पाव किंवा अर्ध्या नंबराचा फरक तर अगदीच सामान्य होय. त्याची चिंता करण्याचे कारण नसते. मात्र एका डोळ्याचा नंबर उणे एक आणि दुसऱ्याचा उणे चार किंवा उणे सात असा फरक आढळतो, तेव्हा प्रश्न केवळ चष्म्याच्या काचेचा राहत नाही. त्या दोन डोळ्यांची अंतर्गत रचनाच वेगळी झालेली असते.

दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत एक किंवा त्याहून अधिक डायॉप्टरचा फरक असल्यास वैद्यकशास्त्रात त्या अवस्थेस ‘ॲनआयसोमेट्रोपिया’ म्हणतात. मराठीत तिला ‘विषमदृष्टी’ म्हणता येईल. ही अवस्था दुखत नाही, खुपत नाही आणि डोळा लालही करीत नाही. उलट, चांगला डोळा दुसऱ्या डोळ्याचे उणेपण इतके बेमालूमपणे झाकून टाकतो, की प्रत्यक्ष त्या व्यक्तीलाही वर्षानुवर्षे त्याचा पत्ता लागत नाही. प्रौढ माणसाच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही. परंतु लहान मुलाच्या बाबतीत हा विलंब एका डोळ्याची दृष्टी कायमची उणी करू शकतो. म्हणूनच हा विषय प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने समजून घेण्यासारखा आहे.

डोळ्याची घडण

डोळ्याचे कार्य समजण्यासाठी त्याची घडण थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. डोळ्याच्या अग्रभागी पारपटल हा घुमटाकार, पारदर्शक पडदा असतो. त्यामागे बाहुली आणि बाहुलीच्या मागे नेत्रभिंग असते. बाहेरून येणारे प्रकाशकिरण वळवून एकत्र आणण्याचे काम पारपटल आणि भिंग हे दोघे मिळून करतात. डोळ्याची किरण वळविण्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असून तिच्यातील सुमारे ४३ डायॉप्टर, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश वाटा, एकट्या पारपटलाचा असतो. भिंगाच्या मागील मोठी पोकळी काचाभ द्रवाने भरलेली असते. तिच्या पाठीमागे, आतल्या बाजूस, प्रकाश ग्रहण करणारे दृष्टिपटल असते. दृष्टिपटलाला रक्ताचा पुरवठा करणारे रंजितपटल त्याच्या बाहेर आणि सर्वांत बाहेर श्वेतपटल हे मजबूत आवरण, अशी ही तीन पदरी भिंत आहे.

दूरच्या वस्तूपासून येणारे किरण बरोबर दृष्टिपटलावर एकत्र आले तर ती वस्तू स्पष्ट दिसते. ते दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र आले तर दूरचे धूसर आणि जवळचे स्पष्ट दिसते. यालाच लघुदृष्टी म्हणतात. लघुदृष्टीसाठी दोन कारणे संभवतात : एक तर पारपटल व भिंग यांची शक्ती प्रमाणापेक्षा अधिक असावी, अथवा डोळ्याची पुढून मागे असलेली लांबी प्रमाणापेक्षा जास्त असावी.

फरक नेमका कोठे?

एका डोळ्यात लघुदृष्टी अधिक असते, तेव्हा या दोहोंपैकी कोणते कारण घडते? एकाच व्यक्तीच्या दोन डोळ्यांची मोजमापे घेऊन याचे उत्तर मिळाले आहे. अशा बहुतेक व्यक्तींमध्ये दोन्ही पारपटलांची वक्रता जवळजवळ सारखीच आढळते. भिंगाच्या जाडीतही उल्लेखनीय फरक नसतो. फरक असतो तो डोळ्याच्या लांबीत, आणि त्यातही मुख्यतः काचाभ द्रवाच्या पोकळीच्या खोलीत. थोडक्यात, अधिक नंबर असलेला डोळा हा पाठीमागच्या बाजूने अधिक लांबलेला डोळा असतो.

प्रौढ माणसाच्या सर्वसाधारण डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ही लांबी १ मिलिमीटरने वाढली की लघुदृष्टीचा नंबर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरने वाढतो. एका डोळ्याचा नंबर उणे एक आणि दुसऱ्याचा उणे चार असेल, तर त्या दोन डोळ्यांच्या लांबीत केवळ १ मिलिमीटरच्या आसपास तफावत असते. तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही हे अंतर कमी आहे. परंतु दृष्टीच्या दृष्टीने ते फार मोठे ठरते.

डोळा लांबतो म्हणजे त्याची भिंत ताणली जाते. फुगा फुगविताना त्याचे रबर जसे पातळ होत जाते, तसे लांबलेल्या डोळ्याच्या मागील बाजूचे श्वेतपटल पातळ होते. रंजितपटलही दुसऱ्या डोळ्याच्या तुलनेत पातळ झालेले आढळते. नंबर बराच मोठा असल्यास दृष्टिपटलावरही ताण पडतो. दृष्टीची मज्जा डोळ्यातून जेथे बाहेर पडते, त्या चकतीच्या कडेला चंद्रकोरीसारखा फिकट पट्टा दिसू लागतो, आणि ती चकती काहीशी कललेली भासते. डोळ्याच्या आत प्रकाश टाकून तपासणाऱ्या तज्ज्ञाला ही चिन्हे एका डोळ्यात ठळक व दुसऱ्यात पुसट अशी दिसतात.

या नियमास काही अपवाद आहेत. पारपटल शंकूसारखे पुढे येण्याचा विकार पुष्कळदा एका डोळ्यात अधिक वेगाने वाढतो. तेथे दोष लांबीचा नसून पारपटलाचा असतो. उतारवयात एका डोळ्यातील मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात पक्व होऊ लागला, की त्या डोळ्याला नव्याने उणा नंबर येतो आणि काही काळ चष्म्यावाचून वाचता येऊ लागते. नजर सुधारली म्हणून वृद्ध मंडळी आनंदतात. वस्तुतः ती मोतीबिंदूची वर्दी असते.

एकच डोळा का लांबतो?

नवजात अर्भकाच्या डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत हा डोळा झपाट्याने वाढतो आणि पुढे त्याची गती मंदावते. ही वाढ आंधळेपणाने होत नाही. पारपटल व भिंग यांच्या शक्तीशी मेळ बसेल इतकीच लांबी गाठावी, अशी योजना डोळ्यातच असते. डोळ्यावर पडणाऱ्या प्रतिमेची स्पष्टता हा त्या योजनेचा मार्गदर्शक होय.

यावर प्रकाश टाकणारे एक महत्त्वाचे संशोधन टॉर्स्टन वीझेल आणि एलिओ राव्हिओला या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. नवजात माकडांच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून बंद ठेवल्या असता तोच डोळा प्रमाणाबाहेर लांबला आणि त्यात लघुदृष्टी निर्माण झाली. उघडा ठेवलेला डोळा मात्र नेहमीसारखा वाढला. पुढे कोंबडीच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखविली. डोळा आणि मेंदू यांना जोडणारी मज्जा तोडली तरीही धूसर प्रतिमा मिळणारा डोळा लांबतच राहतो. दृष्टिपटलाचा अर्धाच भाग झाकला तर तेवढाच भाग मागे वाढतो, हेही १९८७ मध्ये दिसून आले. याचा अर्थ असा, की प्रत्येक डोळा आपली वाढ बऱ्याच अंशी स्वतःच नियंत्रित करतो. जुळ्या भावंडांप्रमाणे दोघांचा वंश एक, घर एक. तरी प्रत्येकाची वाढ निराळी.

प्रयोगशाळेतील हे निष्कर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष अनुभवास येतात. जन्मतःच एका डोळ्याची पापणी बाहुली झाकेल इतकी खाली आलेली असणे, एका डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू असणे किंवा लहानपणी जखमेने वा जंतुसंसर्गाने पारपटलावर फूल पडणे, अशा प्रसंगी त्या डोळ्याला स्पष्ट प्रतिमा मिळत नाही आणि तो अधिक लांबण्याचा संभव असतो. म्हणूनच अशा मुलांवरील उपचार लांबणीवर टाकणे दुहेरी हानीचे ठरते. अर्थात विषमदृष्टी असलेल्या अनेक मुलांमध्ये असे कोणतेही उघड कारण नसते. आनुवंशिकता, सतत जवळचे काम आणि उघड्यावरील उजेडात कमी वावर ही लघुदृष्टीची परिचित कारणे दोन्ही डोळ्यांना लागू असतात. तरी एक डोळा पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो. हा मुलाचा दोष नव्हे आणि आईवडिलांचाही नव्हे.

मेंदूचा पक्षपात

डोळा केवळ प्रतिमा घेतो. पाहण्याचे खरे काम मेंदू करतो. दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या प्रतिमा एकरूप करून मेंदू एक दृश्य घडवितो आणि त्यातूनच खोलीची व अंतराची अचूक जाणीव होते. सुईत दोरा ओवणे, चेंडू झेलणे, जिन्याची पायरी अजमावणे या सर्वांस तिचे साहाय्य होते. परंतु एका डोळ्याची प्रतिमा सतत धूसर असेल तर मेंदू ती बाजूला सारू लागतो. जन्मापासून साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदूतील दृष्टिकेंद्राची जडणघडण चालू असते. या काळात उपेक्षित राहिलेल्या डोळ्याशी मेंदूचे नाते नीट जुळत नाही. पुढे योग्य नंबराचा चष्मा लावला तरी त्या डोळ्याला पूर्ण स्पष्ट दिसत नाही. याला मंददृष्टी अथवा रूढ भाषेत ‘आळशी डोळा’ म्हणतात. मेंदूतील या जडणघडणीचे रहस्य उलगडणारे डेव्हिड ह्यूबेल आणि उपरोक्त टॉर्स्टन वीझेल यांना १९८१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

लघुदृष्टीच्या बाबतीत निसर्गाने थोडी सवलत ठेवली आहे. उणे चार नंबरचा डोळा २५ सेंटिमीटरवरील पुस्तक कोणत्याही आयासाविना स्पष्ट पाहतो. त्यामुळे मूल नकळत एक डोळा फळ्यासाठी आणि दुसरा पुस्तकासाठी वापरू लागते. दोन्ही डोळ्यांना काम मिळाल्याने मंददृष्टीचा धोका काही अंशी टळतो. याउलट दोन्ही डोळ्यांना अधिक नंबर असून त्यांत फरक असल्यास धोका जास्त असतो, कारण अधिक दोषी डोळ्याला जवळचे वा दूरचे काहीच स्पष्ट मिळत नाही. परंतु लघुदृष्टीतही हा फरक दोन-तीन डायॉप्टरपलीकडे गेला, की सवलत पुरेनाशी होते. उणे दहा नंबरचा डोळा अवघ्या १० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट पाहू शकतो. इतक्या जवळ कोणीही पुस्तक धरीत नाही. असा डोळा दिवसभर बेकार राहतो.

एक डोळा दूरचा व एक जवळचा, अशी स्थिती असलेली माणसे आयुष्यभर सुखाने वावरल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेचे पंधरावे अध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन (कार्यकाल १८५७ ते १८६१) यांचा एक डोळा जवळचे, तर दुसरा दूरचे पाहणारा होता. बोलताना मान एका बाजूस कलविण्याची त्यांची लकब त्यांच्या समकालीनांच्या परिचयाची होती. पाहणाऱ्यांना ती आदराची खूण वाटे; तिच्यामागे होती ती डोळ्यांतील विषमता.

लपलेला दोष कसा ओळखावा?

विषमदृष्टी असलेले मूल आपणहून तक्रार करीत नाही. त्याला जग पूर्वीपासून असेच दिसत आलेले असते. चांगल्या डोळ्याच्या बळावर ते फळा वाचते, खेळते, परीक्षाही देते. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेल्या कोणत्याही चाचणीत ते उत्तीर्ण होते. तथापि काही खुणा लक्ष देणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत : पाहताना मान कलती ठेवणे, एक डोळा मिटून किंवा बारीक करून पाहणे, एक डोळा अधूनमधून बाहेर वा आत वळणे, चेंडू झेलताना वारंवार चुकणे. परंतु पुष्कळ मुलांत यांपैकी एकही खूण नसते. म्हणून खात्रीचा उपाय एकच : प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासणे.

हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तयार केलेला अक्षरांचा तक्ता आजही यासाठी वापरला जातो. ६ मीटर अंतरावरून एका वेळी एक डोळा झाकून हा तक्ता वाचावयाचा असतो. डोळा तळहाताने हलकेच झाकावा. बोटांच्या फटीतून मुले पाहून घेतात आणि तपासणी व्यर्थ ठरते. झाकलेला डोळा दाबूही नये. पहिल्या डोळ्याने वाचलेली अक्षरे पाठ होऊन दुसऱ्याच्या वेळी म्हटली जाऊ नयेत, यासाठी अक्षरांचा क्रम बदलून विचारावा. वाचता न येणाऱ्या बालकांसाठी चित्रांचे किंवा दिशा दाखविण्याचे तक्ते असतात. अगदी लहान मुलाचा एक डोळा झाकला असता ते शांत राहते व दुसरा झाकला असता रडते किंवा हात दूर सारते, तर ती खूण गंभीर मानून तत्काळ तज्ज्ञांकडे जावे.

नेत्रतज्ज्ञ मुलांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करतात व मगच नंबर काढतात. भिंगाचे स्नायू सैल झाल्याखेरीज मुलांचा खरा नंबर मिळत नाही. आवश्यक वाटल्यास ध्वनिलहरींच्या किंवा प्रकाशकिरणांच्या उपकरणाने डोळ्याची लांबीही मोजता येते. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने ही लांबी मोजली म्हणजे कोणता डोळा किती वाढतो आहे, याचा निश्चित आलेख हाती येतो.

उपचाराच्या दिशा

उपचाराचा पाया म्हणजे दोन्ही डोळ्यांना त्यांच्या त्यांच्या नंबराचा चष्मा आणि त्याचा नियमित वापर. येथे एक अडचण संभवते. लघुदृष्टीची अंतर्गोल काच वस्तू लहान दाखविते. दोन काचांच्या शक्तीत मोठा फरक असेल तर दोन डोळ्यांना वेगवेगळ्या आकाराच्या प्रतिमा मिळतात आणि डोके दुखणे किंवा जमीन वरखाली भासणे असा त्रास होऊ शकतो. सुमारे तीन डायॉप्टरपलीकडील फरक चष्म्याने सहन होणे अनेक प्रौढांना जड जाते. मुले मात्र आश्चर्यकारकरीत्या लवकर जुळवून घेतात. ज्यांना चष्मा सोसत नाही त्यांना कॉन्टॅक्ट लेन्स उपयुक्त ठरते, कारण ती डोळ्यालगत बसत असल्याने प्रतिमांच्या आकारातील तफावत कमी होते. स्वच्छतेचे नियम पाळणे मात्र तेथे अनिवार्य आहे.

मंददृष्टी निर्माण झालेली असल्यास चष्म्याच्या जोडीने चांगला डोळा दररोज काही तास पट्टीने झाकून ठेवतात, म्हणजे मेंदूला उपेक्षित डोळ्याकडे वळावेच लागते. काही वेळा चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून त्याची दृष्टी तात्पुरती धूसर करतात. किती तास व किती महिने, हे नेत्रतज्ज्ञच ठरवितात. मनाने पट्टी बांधल्यास चांगल्या डोळ्याला अपाय होऊ शकतो. हा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वाधिक फलदायी होतो. त्यानंतर यश मिळतच नाही असे नव्हे, परंतु ते कमी आणि कष्टसाध्य असते.

या उपचारातील मोठा अडथळा औषधाचा नसून मनाचा आहे. पट्टी बांधलेल्या मुलाला सवंगडी चिडवतात. मुलगी असल्यास ‘चष्मा लागला तर पुढे लग्नाचे कसे होणार’ या काळजीने चष्मा पेटीत बंद राहतो. चष्म्याने नंबर वाढतो हा गैरसमजही अद्याप पुरता गेलेला नाही. चष्मा टाळल्याने नंबर जात नाही. जाते ती त्या डोळ्याची शिकण्याची मुदत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. चष्मा, लेन्स किंवा प्रौढ वयातील लेसर शस्त्रक्रिया यांनी नंबराचे निवारण होते; परंतु डोळ्याची वाढलेली लांबी तशीच राहते. उणे सहाच्या पुढील लघुदृष्टीत ताणलेल्या दृष्टिपटलाला भोक पडणे, ते सुटून येणे, काचबिंदू होणे व मध्यदृष्टी बिघडणे यांचा संभव वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेने चष्मा गेला तरी लांबलेल्या डोळ्याची आतून तपासणी नियमाने करून घ्यावी. डोळ्यापुढे अकस्मात प्रकाशाच्या रेघा चमकणे, काळ्या ठिपक्यांचा थवा दिसणे किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटण्याची लक्षणे होत. अशा वेळी एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे.

तपासणीची सोय

देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. शालेय विद्यार्थ्यांची नेत्रतपासणी आणि दृष्टिदोष आढळलेल्या गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे ही या कार्यक्रमाची महत्त्वाची अंगे आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या कार्यक्रमात फिरती आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात, अशी योजना आहे. दृष्टिदोषाचा त्यात समावेश आहे.

या सोयींचे सार्थक होणे मात्र पालक व शिक्षक यांच्या हाती आहे. तपासणीच्या दिवशी मूल शाळेत हजर असावे. दोष आढळल्याची चिठ्ठी दप्तरातच राहू नये. मिळालेला चष्मा वर्गात व घरी डोळ्यांवर असावा. ज्या घरात आईवडिलांपैकी कोणास मोठा नंबर किंवा तिरळेपणा आहे, तेथील मुलांची तपासणी शाळेत जाण्यापूर्वीच करून घेणे श्रेयस्कर. इतरांनीही मूल पाच वर्षांचे होण्याच्या आत एकदा तरी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्यावेत.

दरम्यान प्रत्येक घरी करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील अंक मुलाला खोलीच्या दुसऱ्या टोकाहून वाचावयास सांगावे. प्रथम एक डोळा झाकून, नंतर दुसरा. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे. परंतु दोहोंत फरक जाणवला तर ती नेत्रतज्ज्ञाकडे जाण्याची सूचना समजावी. यास दोन मिनिटे लागतात आणि खर्च काहीच येत नाही. एका डोळ्याच्या आड लपलेला दुसऱ्या डोळ्याचा दोष वेळीच उघडकीस आला, तर ते मूल पुढील सारे आयुष्य दोन्ही डोळ्यांनी पाहू शकेल.